पलटणीच्या इतिहासाचा सातबारा कुणाच्या नावावर?

लष्करात आमच्या समाजाच्या नावाची रेजिमेंट उभी करा, ही मागणी आपल्या देशात अधूनमधून डोकं वर काढतेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्रामजवळ खेडकी दौला इथे अहीर रेजिमेंटसाठी धरणं सुरू झालं आणि बरेच दिवस चाललं. सर्व पक्षांचे पुढारी मांडवात येऊन पाठिंबा देऊन गेले. चमार रेजिमेंट पुन्हा उभी करा म्हणणारे आहेत, गुजरात रेजिमेंट मागणारे आहेत, कलिंग रेजिमेंट मागणारेही आहेत. महाराष्ट्रात या बाबतीत शांतता असते, कारण आपल्या पदरात एक सोडून दोन रेजिमेंट आधीच पडलेल्या आहेत: मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंट. ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला पंगतीच्या नियमांवर बोलायची घाई नसते.

पण बोलायला हवं ते आपणच. या दोन रेजिमेंटांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचला तर या सगळ्या वादाचं उत्तर त्यात सापडतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. जातीच्या किंवा प्रांताच्या नावाने एकही नवी रेजिमेंट नको. आणि ज्या जुन्या आहेत त्यांची नावं, बिल्ले, जयघोष, लढायांचे मान सगळं जसंच्या तसं ठेवून भरतीचं दार मात्र सगळ्यांना उघडं करावं. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीही आली.

अहिरांच्या मागणीला हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चुशूलजवळ रेझांग ला इथे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली शेवटच्या गोळीपर्यंत लढत दिली. सव्वाशेच्या आसपास जवानांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. बर्फ वितळल्यावर मृतदेह सापडले ते मोर्च्यांतच, हत्यारं हातात धरलेली. ही कंपनी हरियाणातल्या अहिरांची होती. पलटणीच्या नावात मात्र कुमाऊं. त्या गावांतली माणसं विचारतात, की जाटांच्या नावाची रेजिमेंट आहे, राजपुतांच्या नावाची आहे, डोग्रा, शीख, गढवाली, गोरखा सगळ्यांची आहे, मग आमचंच रक्त पातळ होतं का? या प्रश्नाला सरकारकडे सरळ उत्तर नाही.

सरकारचं ठरलेलं उत्तर असं, की स्वातंत्र्यानंतर कोणत्याही विशिष्ट समाज, धर्म किंवा प्रांतावर आधारलेली नवी रेजिमेंट न उभारण्याचं धोरण आहे. धोरण चांगलं आहे. पण मग १९७० साली नागा रेजिमेंट उभी राहिली, २०१३ साली सिक्कीम स्काउट्स उभे राहिले. त्यांना कारणं होती, सीमाभागातल्या माणसांना लष्कराशी जोडून घ्यायचं होतं, हे मान्य. तरी धोरणाला अपवाद करता येतो हे लोकांनी पाहिलं. आणि जातवार पलटणींचा विषय कोर्टात गेला तेव्हा लष्कराने सांगितलं, की आम्ही जातीवर भरती करत नाही, फक्त प्रशासनाच्या सोयीसाठी आणि लढाईच्या गरजेसाठी एकसारख्या सामाजिक पार्श्वभूमीच्या माणसांना एकत्र ठेवतो. वकिलाला हे वाक्य पुरेसं आहे. भरतीच्या मैदानावर दौड मारून आलेल्या, आणि ‘तुझा क्लास कोणता?’ म्हणजे तू कुठल्या समाजाचा, असं विचारल्या गेलेल्या पोराला पुरेसं नाही. सगळ्यांना द्या किंवा कुणालाच नको, एवढे दोनच पर्याय इथे टिकतात. सगळ्यांना द्यायचं म्हटलं तर देशात जाती किती आहेत ते सांगायला नको.

पण जुन्या रेजिमेंटांना हात लावायचा म्हटलं की लगेच एक वाक्य अंगावर येतं: ‘अडीचशे वर्षांची परंपरा आहे ती.’ तेव्हा ही परंपरा नक्की किती वर्षांची आहे ते बघू.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची सगळ्यात जुनी बटालियन म्हणजे जंगी पलटण. ती मुंबईत १७६८ साली उभी राहिली. तिच्या पाठोपाठ १७६९ साली दुसरी, काळी पाचवी. उभी केली ईस्ट इंडिया कंपनीने, स्वतःच्या वखारी आणि व्यापार राखायला. त्या काळच्या मुंबई सैन्याच्या पलटणींमध्ये कोण असायचं? मराठे होते, महार होते, ज्यांना आपण परदेशी म्हणायचो ते उत्तरेकडचे होते, मुसलमान होते, कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्रायलीसुद्धा होते, आणि त्यांच्यातले कितीतरी जण सुभेदारपदापर्यंत चढले. बंगालच्या सैन्यात उच्चवर्णीय शिपायांची चूल वेगळी, नखरे वेगळे. मुंबईच्या सैन्यात मात्र सगळे एकाच रांगेत उभे राहायचे आणि त्याचा त्या सैन्याला अभिमानही होता.

मग १८५७ झालं. बंगालचं सैन्य उठलं आणि इंग्रजांची झोप उडाली. पुन्हा असं होऊ नये म्हणून सैन्य कसं बांधावं याचा विचार करायला पील आयोग बसला. पुढची तीस-चाळीस वर्षं या ना त्या रूपात तोच हिशोब चालू राहिला: कोणाला कोणाशेजारी ठेवायचं आणि कोणाला कोणापासून लांब. त्यात लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ साली हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. काही जमाती जन्मानेच लढवय्या आणि बाकीच्या नेभळट, हा त्यांचा लाडका सिद्धांत. पंजाबी, पठाण, गोरखे वर गेले, मद्रासी खाली ढकलले गेले. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंदच झाली. ज्यांनी कंपनीला मुलूख जिंकून दिला होता ते एका हुकमाने ‘लढवय्ये नाहीत’ असे ठरले.

जंगी पलटणीच्या खांद्यावर ‘मराठा’ हा शब्द आला तो १९०३ मध्ये. तोवर ती मुंबईची तिसरी लाइट इन्फन्ट्री होती. तेव्हाचे सरसेनापती किचनेर यांनी सगळ्या सैन्याचे क्रमांक एका माळेत ओवायचे ठरवले, मुंबईच्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले, आणि तिसरीची झाली १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. पाचवीची १०५, दहावीची ११०, चौदावीची ११४, सोळावीची ११६, सतरावीची ११७. १९२२ मध्ये या सहा पलटणी एकत्र करून आजची रेजिमेंट बनली आणि तिचं सेंटर बेळगावला गेलं. म्हणजे पलटण अडीचशे वर्षांची आहे हे खरं, पण तिच्यावरचं नाव सव्वाशे वर्षांचं आहे. आणि एकाच समाजातून भरती करायची ही पद्धत त्याच काळातल्या गोऱ्या साहेबांच्या टेबलावर तयार झालेली आहे. १९०३ नंतरही या ‘मराठा’ पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्याच.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. आज ही रेजिमेंट ४ फेब्रुवारीला आपला दिवस साजरा करते, १६७० साली त्या तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला म्हणून. जयघोष छत्रपती शिवाजी महाराजांचा. ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण सिंहगड झाला तेव्हा ही पलटण जन्माला यायला शतक बाकी होतं, आणि जन्मली ती ज्या कंपनीच्या पोटी, तिने पुढे पेशवाई बुडवली. म्हणजे रेजिमेंटने आपला इतिहास निवडला आहे. यात मला काहीही गैर वाटत नाही, उलट फार शहाणपणाचं वाटतं. स्वतंत्र भारताच्या लष्कराने देशी सत्तांविरुद्ध मिळालेले लढायांचे मान साजरे करणं सोडून दिलं, आणि कुणी त्याला परंपरेचा खून म्हटलं नाही. कोणता वारसा पुढे न्यायचा हे लष्कर ठरवत आलं आहे, त्याने एकदा पुन्हा ठरवायला हरकत नसावी. आणि निवडायचंच तर ज्यांच्या नावाचा जयघोष करतो त्यांच्या फौजेकडे बघावं. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस तीन वेगवेगळ्या जातींचे, गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, कोळी, आरमारावर दर्यासारंग आणि दौलतखान. महाराजांनी एका जातीची पलटण कधी उभी केली नाही.

आता दुसऱ्या रेजिमेंटकडे वळू.

महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः पेन्शनर शिपाई होते, अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला. या अर्जांतली मागणी साधी होती: आमचे बापजादे तुमच्या सैन्यात सुभेदार होते, आम्हाला दार का बंद? बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे असेच सुभेदार. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच गरज पडली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावलाच महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर तेव्हा भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा, कंपनीच्या बाजूने लढलेल्या शिपायांचा. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. आज बिल्ल्यावर तिपाईवर चढवलेल्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आहेत आणि स्तंभाच्या जागी कट्यार आहे. स्तंभ बिल्ल्यावरून उतरला म्हणून समाजाच्या मनातून उतरला का? दर १ जानेवारीला पेरणे फाट्यावर लोटणारी गर्दी पाहिलेल्या कुणालाही हे विचारायची गरज नाही. समाजाची आठवण समाज जपतो. रेजिमेंटच्या टोपीवर तिचा भार टाकावा लागत नाही.

आणि रेजिमेंट? ती खुली झाली. आज महार रेजिमेंटमध्ये देशाच्या सगळ्या भागांतले, सगळ्या समाजांचे जवान आहेत. सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. जयघोष ‘बोलो हिंदुस्तान की जय’. नाव मात्र महारच राहिलं आणि कुणी ते बदला म्हणालं नाही. या रेजिमेंटने देशाला दोन सरसेनापती दिले, जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी, एक तेलुगू, एक तमिळ. तिचं परमवीर चक्र आहे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं, ८ महार, श्रीलंका, २५ नोव्हेंबर १९८७. मुंबईत जन्मलेला, मुंबईतच शिकलेला तमिळ माणूस. छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याच्यावर झाडणारा. अधिकारी कोणत्याही जातीचे असतात, त्याने काय सिद्ध होतं, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण त्यांच्या मागे उभे असलेले जवानही मिश्रच आहेत, आणि ही रेजिमेंट काश्मीरपासून श्रीलंकेपर्यंत लढली आहे. सरमिसळ केली की पलटण ढेपाळते असं म्हणणाऱ्यांनी तिची पडझड कुठे झाली ते दाखवावं.

यातून मला दिसतो तो फरक असा. १९४१ मध्ये महारांच्या नावाची रेजिमेंट मागणं म्हणजे बंद सैन्याचं दार फोडणं होतं. दुसरं दारच नव्हतं. आज रेजिमेंट मागणाऱ्यांना सैन्यात यायला बंदी नाही, त्यांना पाटीवर नाव हवं आहे. पहिल्या मागणीत हक्क आहे, दुसरीत मान. मानाची भूक खोटी नसते, पण ती भागवायला बटालियन उभ्या करायच्या नसतात. गंमत अशी, की ज्या एका समाजाला जातीच्या नावाची रेजिमेंट सगळ्यात जास्त गरजेची होती, त्याच समाजाची रेजिमेंट सगळ्यात आधी सर्वांची झाली.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या स्वतःच्या घरातही याचा पुरावा आहे. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे हा बावीस-तेवीस वर्षांचा जवान. १० जुलै १९४४, इटलीतलं तिबर नदीचं वरचं खोरं. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनमधले जवळजवळ सगळे पडले. तो एकटा पुढे धावला, हातबाँब फेकून गन गप्प केली, टॉमीगनने एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो तिथेच गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. घाडगेची पलटण होती ३/५ मराठा, म्हणजे मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. पुढे या पलटणीचं काय झालं? ती छत्रीधारी झाली. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट बनली तेव्हा ती २ पॅरा म्हणून तिच्यात गेली. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, ती ५० पॅरा ब्रिगेडमध्ये होती. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलला जी पलटण विमानांतून उतरली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सगळ्यात आधी शिरली, ती हीच. तेव्हा तिचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. आज ती स्पेशल फोर्सेसची बटालियन आहे आणि तिच्यात देशभरातून, हरेक रेजिमेंटमधून आपणहून आलेले जवान आहेत.

आता घाडगेचं व्हिक्टोरिया क्रॉस कुणाचं? मराठा रेजिमेंटचं? पॅराचं? माणगावचं? तिघेही सांगतात आमचं, आणि तिघेही बरोबर आहेत. पलटणीचा इतिहास म्हणजे काही जमिनीचा तुकडा नाही, की सातबाऱ्यावर एक नाव चढलं की दुसऱ्याचं कमी करावं लागेल.

माणसं पूर्ण बदलली तरी पलटण राहते, हे तर कुत-अल-अमाराने दाखवलं. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी उपाशीपोटी लढून शेवटी कैदेत गेल्या. त्याच नावाने, नव्या रंगरुटांनी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. नव्या पोरांनी कुत पाहिलंही नव्हतं. उस्तादांनी सांगितलं आणि त्यांनी ते आपलं मानलं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा, जो मला खरोखर वजनदार वाटतो. लढाईत माणूस झेंड्यासाठी मरत नाही, शेजारच्यासाठी मरतो. तो शेजारी एकाच मुलखातला, एकाच बोलीचा, एकाच देवाचा असेल तर पाठ दाखवताना गावात तोंड काय दाखवू हा विचार आडवा येतो. साताऱ्यातलं अपशिंगे मिलिटरी घ्या किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. तिथे घराघरात पेन्शनर, वेशीवर हुतात्म्यांची नावं. अशा गावांतून आलेल्या पोरावर गावाची नजर असते आणि ती नजर बंदुकीइतकीच कामाची. हे सगळं मान्य.

पण मग मराठी माणूस शीख लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी होतो तेव्हा काय होतं? पुण्याचे मनोज नरवणे १९८० मध्ये ७ शीख लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाले आणि २०१९ मध्ये सरसेनापती झाले. आपल्या सैन्याचा नियम असा, की जवानांचा धर्म तो अधिकाऱ्याचा धर्म. तो गुरुद्वाऱ्यात बसतो, पंजाबी शिकतो, लंगरात जेवतो. म्हणजे परक्या मुलखातला माणूस काही महिन्यांत पलटणीचा होऊ शकतो. अधिकाऱ्याला जमतं ते शिपायाला जमणार नाही, असं मानणं म्हणजे शिपायाला कमी लेखणं आहे.

शिवाय आजची लढाई एका पलटणीने होत नाही. एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंते, त्यांच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे. वाटेत सुरुंग, वरून मशीनगन. राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर रांगत निघाले. हातात दोन दोऱ्या, दुसरं टोक वर चालकाकडे. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. दोरी ओढायला क्षणभर उशीर झाला किंवा चालकाने चुकीची समजली तर टनावारी लोखंड अंगावरून जाणार. खाली सॅपर, वर रणगाड्याचा जवान, दोघांची रेजिमेंट वेगळी, टोपी वेगळी. त्या दोघांना बांधून ठेवलं ते जातीने नाही, एकमेकांच्या कामावरच्या भरवशाने. काश्मीरमधल्या राष्ट्रीय रायफल्समध्ये आज रोज हेच चालतं. एका बटालियनमध्ये पायदळाचे, तोफखान्याचे, सिग्नलचे, सर्व्हिस कोअरचे. २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिक अशाच एका राष्ट्रीय रायफल्स बटालियनचे सीओ होते.

एकाच समाजाची पलटण हा दुधारी प्रकार आहे, हेही विसरू नये. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरूट बिथरले आणि त्यात कमांडंट ब्रिगेडियर पुरी मारले गेले. शीख जवानांच्या निष्ठेवर मी बोट ठेवत नाही, त्यांनी आधी आणि नंतर जे रक्त सांडलं त्यापुढे कुणाचीही मान झुकेल. दोष रचनेचा होता. एका समाजाच्या काळजाला जखम झाली की आख्खी पलटण एकदम जखमी होते. मिश्र पलटणीत असं होत नाही.

हे सगळं पटलं तरी एक अडचण उरते, आणि तिथे माझं सरकारशी पटत नाही. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा तिच्याबरोबर ‘ऑल इंडिया ऑल क्लास’ हा शब्दप्रयोगही आला, म्हणजे कुठल्याही पलटणीत कुठल्याही प्रांताचा, कुठल्याही समाजाचा जवान. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम. जन्माचं नातं काढून घ्यायचं तर त्याच्या जागी सहवासाचं नातं यायला हवं. ते नातं वर्षानुवर्षं एकाच बराकीत राहून, एकाच पोस्टवर बर्फ उपसून, बडाखान्यात एकत्र नाचून तयार होतं. पन्नाशीकडे झुकलेला सुभेदार साहेब नव्या पोराला पलटणीचा इतिहास सांगतो, तो त्याने स्वतः जगलेला असतो म्हणून. इथे आपण जन्माचं नातं आणि सहवासाची वर्षं दोन्ही एकदम कमी करायला निघालो आहोत. भरती खुली करायची तर नोकरी लांब हवी. दोन्हीपैकी एकच बदल एका वेळी, हे कुठल्याही सीओला विचारा, तो सांगेल.

आणि आपल्या तापलेल्या चर्चांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसते. रेजिमेंटच्या नावावर धरणी धरली जातात, पण युद्ध ज्यांच्या नकाशावर लढलं जातं त्या कमांडींबद्दल कुणाला काही घेणंदेणं नाही. पुण्याच्या सदर्न कमांडचं बघा. १८९५ मध्ये मुंबई, मद्रास, बंगाल अशी तीन वेगळी सैन्यं मोडून चार कमांडी झाल्या, त्यातून तिचा वंश सुरू होतो. त्यानंतर नावं बदलली, हद्दी बदलल्या. १९४८ ची हैदराबादची कारवाई तिने केली, १९६१ चा गोवा तिने केला, १९७१ मध्ये लोंगेवाला तिच्याच हद्दीत झालं. २००५ मध्ये जयपूरला नवी साउथ वेस्टर्न कमांड निघाली. पुण्यात कुणी मोर्चा काढला नाही, काढायचं कारणही नव्हतं. आज लष्कराच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांडी आहेत. समोर चीनने २०१६ मध्ये आपलं सगळं सैन्य पाच थिएटर कमांडींत (एका भागातली सगळी दलं एकाच सेनानीच्या हाताखाली) बसवलं आणि आपल्याकडची आख्खी सीमा त्यातल्या एकीकडे दिली. आपल्या बाजूला तीच सीमा लष्कराच्या वेगवेगळ्या कमांडींत वाटलेली, हवाई दलाच्या कमांडींची मुख्यालयं आणखी तिसरीकडे. १ जानेवारी २०२० ला जनरल रावत पहिले संरक्षणदल प्रमुख झाले, थिएटर कमांड हे त्यांचं मुख्य काम होतं, आणि तेव्हापासून तिन्ही दलांत घोळ चालू आहे. हवाई दलाची भीती अशी, की आधीच अपुरी असलेली विमानं वाटून टाकली तर कुठेच पुरणार नाहीत. ती भीती खोटी नाही. पण या प्रश्नावर संसदेत आणि वर्तमानपत्रांत जेवढा घाम गाळायला हवा त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही गळत नाही. रेझांग लाच्या वीरांना पाटी हवी होती की वेळेवर तोफांची मदत, याचा विचार धरण्याच्या मांडवात बसलेल्या पुढाऱ्यांनी करावा.

पुन्हा बेळगावकडे येतो. मराठा लाइट इन्फन्ट्री खुली केली तर महाराष्ट्राच्या जागा जातील, ही भीती सगळ्यात आधी बोलून दाखवली जाईल. ती चुकीची आहे. सैन्यभरतीचं राज्यवार प्रमाण १९६६ पासून भरतीयोग्य पुरुष लोकसंख्येवर ठरतं. महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागा तितक्याच राहतील, फक्त साताऱ्याचा पोरगा मराठामध्ये जाईल तसा डोग्रा किंवा गढवालमध्येही जाऊ शकेल. आणि आपल्याच राज्यातला धनगर, माळी, आगरी, कोळी, आदिवासी पोरगा, जो आज मराठा रेजिमेंटच्या फाटकाबाहेरून इतर शाखांकडे वळतो, तो आत येईल. त्याला शिवाजी महाराजांचा जयघोष शिकवावा लागणार नाही, तो घरूनच घेऊन येईल.

पलटणीतली मराठी जाईल का? सुरुवातीला कमी होईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पलटणीतला गणपती, पोवाडे, लेझीम यांचा रंग थोडा बदलेल. मला त्याचं वाईट वाटेल. पण शीख पलटणीतला मराठी अधिकारी ज्या सहजतेने ‘बोले सो निहाल’ म्हणतो, त्या सहजतेने नागालँडचा जवान गणपतीची आरती म्हणणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही. हे एकदम करायचंही नाही. प्रत्येक रेजिमेंटमध्ये नव्याने येणाऱ्या भरतीपासून सुरुवात करावी, जुन्या जवानांना हात लावू नये, आणि बदल पूर्ण व्हायला पंधरा-वीस वर्षं लागली तरी लागू द्यावीत.

हा प्रस्ताव कुणी मांडायचा? ज्यांना रेजिमेंट नाही त्यांनी मांडला तर तो मत्सर ठरतो, दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी मांडला तर आदेश. महाराष्ट्राला मात्र तो अधिकार आहे. आपल्याकडे दोन रेजिमेंट आहेत, त्यातली एक खुली होऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तिचं नाव अजून तितक्याच ताठ मानेने घेतलं जातं. दुसरीही खुली करा, असं विधानसभेत उठून म्हणणारा एखादा आमदार निघाला, तर अहीर रेजिमेंटच्या मागणीला दिल्लीत पहिल्यांदा सरळ उत्तर देता येईल: तुमच्या नावाची नवी देणार नाही, पण तुम्ही ज्यांच्या नावाकडे बोट दाखवता त्या सगळ्यांत तुमची जागा आहे.